लॅबमधला जुना पीसी मधेच बंद पडतो तेव्हा

पीएच.डी.ला प्रवेश झाला, गाईड मिळाले, लॅबमध्ये टेबल मिळालं, की त्या टेबलावर बहुतेक वेळा एक जुना डेस्कटॉप आधीच बसलेला असतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आणि सोबत सिनिअरचा इशारा: "हा आपोआप बंद पडून रायला बाप्पा, फाईल सेव्ह करत जा."

हा इशारा अर्धाच आहे. बंद पडणारा पीसी तुमचा वेळ खातो, ते दिसतं तरी. पण ज्या बिघाडामुळे तो बंद पडतो, त्याच बिघाडामुळे तो चालू राहून चुकीचा आकडाही देऊ शकतो. तो आकडा मग तक्त्यात जातो, तक्त्यातून प्रबंधात. म्हणून हा विषय "आयटीवाल्याला बोलवा" म्हणून सोडून देऊ नका.

काहीही तपासण्याआधी डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यानंतर वही काढा. पीसी किती वाजता बंद पडला, कोणता प्रोग्राम चालू होता, खोली किती तापली होती, लाईट गेली होती का, हे आठवडाभर लिहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद सापडेल आणि कुणीतरी लगेच सांगेल की एसएमपीएस गेला. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता परत सुरू झालं. कारण त्यात नसतं. 'व्हीआ-लॉगर'ची नोंद मात्र गंभीरपणे घ्या. तिथे हार्डवेअरनेच चूक कळवलेली असते.

आपल्याकडे पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक प्रोसेसरची स्वतःची वाढ. समजा पूर्ण लोडवर ती वाढ 40 अंश आहे. डिसेंबरात खोली 25 अंश असते, म्हणजे प्रोसेसर 65 वर. मे महिन्यात अकोल्यात बाहेर पारा 45 च्या आसपास आणि खोली 40, की तोच प्रोसेसर 80 वर. हीटसिंकमध्ये धूळ बसलेली, थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर आणखी 15-20 अंश सहज जोडा. 100 च्या जवळपास गेल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर बंद पडतो. तपासायला सोपं आहे: तेच गणन पहाटे पाचला चालवा आणि दुपारी तीनला चालवा. फक्त दुपारी पडत असेल तर धूळ काढा (ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा) आणि पेस्ट बदला.

कूलरचंही बघा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिलाच असेल. हवेसोबत त्या पाण्याचे तुषार कॅबिनेटमध्ये गेले तर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो आणि संपर्कबिंदू खराब करतो. कूलरचा झोत थेट पीसीवर नको.

आता वीजपुरवठा. यूपीएसची बॅटरी दमलेली असेल तर लाईटच्या क्षणभराच्या झटक्यानेही पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस बाजूला काढून किंवा दुसरा लावून पाहा. एसएमपीएसची पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3. मल्टिमीटरने मोजा, तेही पीसी लोडवर असताना. पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे 12 च्या जागी 11.4 ते 12.6. एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येते? मग अर्थिंग नाही. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

रॅमवर जरा जास्त वेळ द्या. संगणकात 37 ही संख्या 32 + 4 + 1 अशी साठवलेली असते. रॅममधला एक बिट उलटला आणि तो 64 च्या स्थानचा असला तर 37 चे 101 होतात. हे तुमच्या लक्षात येईल. तो 1 च्या स्थानचा असला तर 37 चे 36 होतात. हे कुणाच्याच लक्षात येणार नाही. आणि असं घडणं दुर्मीळ समजू नका. 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये वर्षभरात किमान एक मेमरी-चूक सापडली. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून सुधारणारी ईसीसी रॅम होती. आपल्या टेबलावरच्या पीसीत ती नसते.

पेनड्राईव्हवर मेमटेस्ट86+ घ्या आणि रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी नापास. मग दोन्ही स्टिक काढा, सोनेरी टोकं खोडरबराने हलकी घासा, भुगा झटका, परत बसवा आणि पुन्हा चाचणी घ्या. चूक राहिली तर एकच स्टिक ठेवून चालवा, मग दुसरी. चूक दाखवणारी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चूक स्टिकसोबत गेली तर स्टिक खराब, जुन्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर पीसी कदाचित सुधारेल, पण काय खराब होतं ते कळणार नाही.

असंच एकेक कारण बाजूला काढत 1994 मध्ये लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली एका मोठ्या दोषापर्यंत पोचले होते. जुळ्या मूळ संख्यांवरच्या त्यांच्या गणनात पेंटियम मशीनचं उत्तर जुळेना. शोधता शोधता दोष निघाला चिपच्या भागाकारातच, आणि इंटेलला त्यापायी 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तो रचनेतला दोष होता, जुनेपणाचा नव्हता. पण तो सापडला तो उत्तर दुसऱ्या मशीनवर ताडून पाहिल्यामुळे.

तुमच्या पीसीतली रॅम खराब निघाली तर नवी लावून थांबू नका. बदलल्याची तारीख वहीत लिहा आणि त्याआधीची महत्त्वाची गणनं दुसऱ्या मशीनवर, तीच आवृत्ती आणि तोच सीड ठेवून, परत चालवा. शेवटच्या एक-दोन दशांश स्थानांत फरक पडू शकतो, तो चालतो. कच्च्या डेटाच्या फाईलींचे एसएचए-256 हॅश आजच काढून ठेवा, म्हणजे पुढे एखादी फाईल बदलली तर कळेल. आणि खराब स्टिक कचऱ्यात टाकू नका. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद असते, आणि नो-ड्यूज घेताना ती विचारली जाते.