रंगवलेल्या पावसाचा मुलूख

बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात बादल महाल नावाचं एक दालन आहे. भिंतींवर निळ्या-करड्या ढगांची वेटोळी, त्यांतून सळसळणाऱ्या विजा आणि खाली पावसाच्या सरी, सगळं रंगवलेलं. पाऊस म्हणजे काय, हे राजघराण्यातल्या लहानग्यांना इथे आणून दाखवत, असं वाटाडे मोठ्या चवीने सांगतात. गोष्ट खरी असो की पर्यटकांसाठी रचलेली, या मुलखाची ओळख करून द्यायला ती फार सोयीची आहे. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता; जैसलमेरला तेवढा पडायला पाचेक वर्षं लागतील.

असं असूनही थरच्या वाळवंटात, म्हणजे जोधपूर, बिकानेर आणि जैसलमेर या तीन जुन्या राज्यांच्या टापूत, किल्ले, महाल, देवळं आणि रानजीव यांची अशी दाटी आहे की एका सहलीत ती उरकत नाही. सहलींच्या वेळापत्रकात मात्र जयपूर-उदयपूरला भरपूर दिवस मिळतात आणि वाळवंटाच्या वाट्याला उंटावरची एक फेरी नि तंबूतली एक रात्र येते. हा हिशेब उलटा करावा. आणि इथली कुठलीही वास्तू बघताना वाटाड्याला आधी एकच प्रश्न विचारावा: यांनी पाणी कुठून आणलं?

सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या माणसाला जुनागढ आधी किल्ला वाटतच नाही. तो सपाटीवर, भर शहरात उभा आहे. जोधपूरच्या राव जोधाचा मुलगा बिका याने १४८८ मध्ये बिकानेर वसवलं. आजचा किल्ला मात्र अकबराच्या फौजेत सरदार असलेल्या राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ या पाच वर्षांत बांधला. डोंगर नसला तरी भोवताली वाळू होती आणि पाणवठे मोजके होते. वेढा घालणाऱ्या फौजेची तहान हे गडकऱ्यांचं अर्धं काम करून टाकायची. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी राजघराणं लालगढ महालात राहायला गेलं आणि मागे राहिलेला गड जुनागढ झाला.

लालगढमध्ये राहायला गेलेले महाराजा गंगासिंह यांच्या कारकिर्दीची सुरुवातच १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने झाली. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून राजस्थानात तो अजूनही ‘छप्पनिया काळ’ म्हणून ओळखला जातो. त्याचा धसका म्हणा की धडा, गंगासिंहांनी सतलजचं पाणी कालव्याने आपल्या राज्यात आणायचं मनावर घेतलं. १९२७ मध्ये गंग कालवा सुरू झाला आणि राज्याच्या उत्तर टोकाला आजचं श्रीगंगानगर पिकू लागलं. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये काम सुरू झालेला इंदिरा गांधी कालवा हे त्याच विचाराचं कितीतरी मोठं रूप.

बिकानेरपासून तीसेक किलोमीटरवर देशनोकला करणीमातेचं मंदिर आहे. त्याची संगमरवरी दर्शनी बाजूही गंगासिंहांच्याच काळातली. इथे उंदरांना ‘काबा’ म्हणतात आणि ते हजारोंनी गाभाऱ्यात, ओसरीत, दुधाच्या परातींच्या काठावर बसलेले असतात. करणीमाता चारण समाजातली. आपली माणसं मेल्यावर काबा होतात आणि काबा मेला की पुन्हा चारणांच्या घरी जन्म घेतो, अशी तिथली श्रद्धा आहे. अनवाणी जावं लागतं, पाय घासत चालावं लागतं. ज्यांना उंदरांची किळस आहे त्यांनी भिडेखातर आत जाऊ नये. बाहेरचं चांदीचं दार आणि संगमरवरातलं कोरीवकामही पाहण्यासारखं आहे.

जोधपूरचा मेहरानगढ हा खरा डोंगरी किल्ला. १४५९ मध्ये राव जोधाने मंडोरहून राजधानी हलवली आणि शहरापासून सव्वाशे मीटर उंचीच्या कातळावर गड बांधायला घेतला. हा कातळ ज्वालामुखीच्या राखेतून आणि लाव्ह्यातून झालेला, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच पोर. डोंगरावर चिडियानाथ नावाचा जोगी राहत होता. त्याला हुसकावलं तेव्हा ‘तुझ्या गडाला पाण्याचं दुर्भिक्ष राहील’ असा शाप त्याने दिला, ही दंतकथा प्रत्येक वाटाडा सांगतो. शापाला उतारा म्हणून राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला पायात जिवंत पुरलं गेलं. त्याच्या नावाचा दगड गडावर आहे. तोफांच्या आणि शीशमहालाच्या नादात लोक तो न पाहताच पुढे जातात.

पाण्याची प्रत्यक्ष सोय शापाच्या उताऱ्याने झाली नाही, ती गडाच्या पायथ्याशी बांधलेल्या राणीसर आणि पदमसर या तलावांनी केली. डोंगरावरचं पाणी चरांमधून या तलावांत उतरायचं. तेच तंत्र शहरभर होतं: पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे तिथल्या भाषेत बावडी आणि झालरा. नळ आल्यावर यांतल्या कितीतरी कचऱ्याने भरल्या. गाळ उपसून पुन्हा मोकळा केलेला अठराव्या शतकातला तूरजी का झालरा आज तरुण मुलांच्या उड्यांनी गजबजलेला असतो.

गडाला लागूनच सुमारे सत्तर हेक्टरांवर राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, आणि जोधपूरला येऊन ते न पाहणं हा करंटेपणा आहे. इथल्या सगळ्या कातळावर वेडी बाभूळ माजली होती. मूळची मेक्सिकोकडची ही झुडपं गेल्या शतकात दुष्काळी भागांत हिरवळीसाठी मुद्दाम पसरवली गेली आणि मग त्यांनी दुसरं काही उगवू दिलं नाही. २००६ मध्ये पर्यावरण-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली ती काढायला सुरुवात झाली. वरून तोडली तर पुन्हा फुटते, मुळं तर खडकाच्या भेगांत गेलेली. अखेर कामाला आले ते खाणीत पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे खांडवालिया कारागीर. हातोडा मारून येणाऱ्या आवाजावरून खडक कुठे पोकळ आहे ते ते ओळखत आणि नेमकी तिथेच छिन्नी लावत. मोकळ्या झालेल्या खड्ड्यांत मग थरची, निवडुंगासारखा दिसणारा थोर धरून, अस्सल स्थानिक झाडं लावली गेली. २०११ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला उमेदभवन. १९२९ मध्ये पायाभरणी, १९४३ मध्ये काम पुरं, ३४७ खोल्या, हेन्री लँचेस्टर हा इंग्रज वास्तुरचनाकार. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हा महाल बांधायला काढला, असं सांगतात, आणि हजारो हातांना त्यातून मजुरी मिळाली हे खरंच आहे. तरीही दुष्काळी कामातून धरणाऐवजी ३४७ खोल्या उभ्या राहाव्यात, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

महाल बांधायला दगड लागतो तसा चुना लागतो, आणि चुना भाजायला सरपण. १७३० मध्ये महाराजा अभयसिंहाच्या नव्या बांधकामासाठी चुनभट्ट्या पेटवायच्या होत्या. सरपण तोडायला माणसं गेली ती जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या खेजडली गावात. गाव बिश्नोईंचं. १४८५ मध्ये जांभोजींनी सुरू केलेल्या या पंथाच्या एकोणतीस नियमांत हिरवं झाड तोडू नये आणि जीवांवर दया करावी हेही येतं. अमृतादेवी आणि तिच्या मुलींनी खेजडीच्या खोडांना मिठी मारली आणि कुऱ्हाडी त्यांच्यावरून चालल्या. एकूण ३६३ माणसं मारली गेली, तेव्हा कुठे महाराजांनी तोड थांबवली. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. वाळवंटात मात्र तिचा पाला जनावरांचा चारा आहे, शेंगा माणसांची भाजी आहे आणि तिच्या सावलीत बाजरी धरते. या गावांत आजही काळवीट आणि चिंकारा शेताच्या बांधावर निर्धास्त चरताना दिसतात. अभयारण्याची पाटी, तिकीटखिडकी, जीप यातलं काही लागत नाही.

मराठ्यांचा या भूमीशी संबंध आला तो प्रेमाने नव्हे. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह भांडले, शिंद्यांनी रामसिंहाची बाजू घेतली, आणि नागौरच्या वेढ्यात १७५५ मध्ये विजयसिंहाच्या माणसांनी जयाप्पा शिंदे यांचा दग्याने खून केला. नागौरचा अहिच्छत्रगढ आता उत्तम दुरुस्त केलेला आहे. त्यातली कारंजी, हौद आणि पाणी खेळवण्याची व्यवस्था पाहायला गेलेल्या मराठी माणसाने हा वेढा आठवावा.

जोधपूरहून ओसियाँ साठ-पासष्ट किलोमीटर. आठव्या शतकापासूनची प्रतिहारकालीन देवळं इथे गावभर विखुरली आहेत. टेकडीवर सच्चियामाता, खाली महावीराचं मंदिर. नगर, पुणे, जळगावच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले ओसवाल आपलं मूळ याच गावाशी जोडतात.

पुढे फलोदी. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, भारतातला हा उच्चांक. त्याच फलोदीला खेटून असलेल्या खिचन गावात हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून हजारो कांड्या करकोचे उतरतात. राजस्थानी लोक त्यांना कुरजां म्हणतात. गावातल्या जैन व्यापारी कुटुंबांनी त्यांना दाणे टाकायला सुरुवात केली. मग चुग्गाघर नावाचं कुंपण घातलेलं आवार झालं, पोत्यांनी ज्वारी येऊ लागली. सकाळी पक्षी आधी गावावर घिरट्या घालतात, अंदाज घेतात आणि मग टप्प्याटप्प्याने खाली येतात. दाणे टिपून झाले की तळ्यांवर जातात. ही तळी २०२५ मध्ये रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. सप्टेंबर ते मार्च हा हंगाम. गच्चीवर बसू देणारे यजमान गावात सहज भेटतात.

जैसलमेरला मात्र दोन-तीन दिवस काढावेत. ११५६ मध्ये रावळ जैसलने लोद्रव्याहून इथे येऊन गड वसवला. सिंध आणि गुजरातकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या जकातीवर तो श्रीमंत झाला. मग मुंबईसारखी बंदरं वाढली, माल समुद्रमार्गे जाऊ लागला, आणि १९४७ मध्ये सरहद्द बंद झाल्यावर उरलासुरला व्यापारही संपला. पटवांच्या पाच हवेल्यांच्या नक्षीत तो जुना पैसा अजून दिसतो. गडावरच्या जैन देवळांच्या तळघरात जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आहे; ताडपत्रांवरच्या पोथ्या कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकल्या, त्यांतली सर्वांत जुनी अकराव्या शतकातली.

या गडात अजून दोन-तीन हजार माणसं राहतात, आणि त्याचं दुखणं तिथूनच सुरू होतं. घागरीने पाणी वाहायचे दिवस होते तोवर सांडपाणी नावापुरतं होतं. नळ आले, गडावर हॉटेलं झाली, न्हाणीघरं झाली. गळक्या वाहिन्यांचं पाणी डोंगराच्या मऊ, चिकणमातीच्या थरांत मुरू लागलं आणि बुरूज खचले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने गडाला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा ठरला. साडेआठशे वर्षं दुष्काळाला न हरलेला किल्ला न्हाणीघराच्या पाण्याने हैराण झाला आहे. जुन्या गडात मुक्कामाचा मोह आवरून पायथ्याच्या शहरात खोली घेतली तर हा भार तेवढाच कमी होतो.

पाणी कसं वापरावं याचं शिक्षण या भागात पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड कुलधरा गावाकडे जाताना मिळतं. जुलमी दिवाण सालिमसिंहाच्या भीतीने चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, ही भुताटकीची गोष्ट सगळे सांगतात. पाणी आटणं, भूकंप अशी कारणंही अभ्यासकांनी मांडली आहेत. गोष्टीपेक्षा पालीवालांची खडीन पद्धत मोलाची. कातळी उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जिरू द्यायचं आणि मग त्या ओलाव्यावर, पुढे एक थेंबही न देता, रब्बीचा गहू घ्यायचा. शंभर-दीडशे मिलिमीटर पावसात गहू! असे खडीन जैसलमेर जिल्ह्यात आजही पिकतात.

वाळवंट नेहमी वाळवंट नव्हतं, हे बाडमेर रस्त्यावर आकलला कळतं. तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाची दगड झालेली खोडं उघड्यावर पडली आहेत. त्याच दिशेला आणि पश्चिमेला ३,१६२ चौरस किलोमीटरांवर डेझर्ट नॅशनल पार्क पसरलं आहे. समच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी डीजेचा धुडगूस असतो. तो टाळून पहाटे सुदासरीच्या गवताळ भागात जावं. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं बहुतेक दिसतातच.

माळढोक दिसेलच असं नाही. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालतो. डोळे बाजूला असल्याने त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही; त्यामुळे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांची वीज नेणाऱ्या तारांवर तो आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. सरकारने ते अशक्य असल्याचं मांडल्यावर मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य झाला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. दरम्यान सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत रानातून आणलेली अंडी उबवून पिल्लं वाढवली जाऊ लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. देशभरात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत, आणि त्यांतले बहुतेक याच जिल्ह्यात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी अभयारण्य करण्यात आलं. तिथे तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्यामुळे मराठी पक्षिप्रेमींनाही माळढोकासाठी जैसलमेरचंच तिकीट काढावं लागतं.