व्यवसाय आराखडा स्पर्धा

व्यवसाय आराखडा स्पर्धा म्हणजे नवउद्योजकांनी आपल्या नियोजित उद्योगाचे उत्पादन, ग्राहक, खर्च व भांडवल यांचा लेखी आराखडा परीक्षकांपुढे मांडून त्याचे समर्थन करण्याची स्पर्धा होय. परीक्षकांमध्ये सहसा उद्योजक, बँक अधिकारी, गुंतवणूकदार व प्राध्यापक असतात.

उगम

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील व्यवस्थापन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली 'मूट कॉर्प' ही या प्रकारातील आद्य स्पर्धा मानली जाते. विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालयांवरून तिची कल्पना सुचली. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ई-सेलची 'युरेका' ही स्पर्धा १९९८ पासून परिचित आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

वाहन उद्योग व त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य असल्याने येथील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना व्यवसाय आराखड्याची ओळख अनेकदा वाहनबांधणीच्या स्पर्धांतून होते. २००७ पासून भारतात होणाऱ्या 'बाहा' स्पर्धेत विद्यार्थी खडबडीत रस्त्यांवर धावणारी एक आसनी गाडी बनवतात. परंतु गुण केवळ धावण्याचे नसतात. वर्षाला ४,००० गाड्या विकणारी कंपनी काढायची आहे असे समजून विक्रीचे सादरीकरण व प्रत्येक भागाच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. नळीचा एक वाक बदलला तर किंमत किती वाढते, हे भोसरीतील एखाद्या छोट्या कार्यशाळेत चौकशी केल्यावर जसे समजते तसे पाठ्यपुस्तकातून समजत नाही.

खेळत्या भांडवलाचा प्रश्न

स्पर्धेतील आराखड्यांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग खेळत्या भांडवलाचा असतो. समजा, एका कार्यशाळेची मासिक विक्री १० लाख रुपये असून माल, मजुरी व इतर खर्च ८ लाख आहे. कागदावर दरमहा २ लाख नफा दिसतो. मात्र ग्राहक कंपनीने ६० दिवसांनी पैसे दिले, तर पहिली रक्कम हाती येईपर्यंत सुमारे १६ लाख रुपये अडकून पडतात. मागणी वाढल्यास ही रक्कमही वाढते. म्हणजे नफ्यातील कारखानाही पगारासाठी कर्ज काढू शकतो. ज्या परीक्षकाने स्वतः कारखाना चालवला आहे, तो बहुधा नफ्याआधी हेच विचारतो, आणि अशा प्रश्नातून होणारे शिक्षण पारितोषिकाहून मोलाचे ठरते.

सूक्ष्म व लघू उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. मात्र एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबलेला पुरवठादार काम जाण्याच्या भीतीने तक्रार करण्यास कचरतो. एकाच ग्राहकावरील अवलंबित्व हा म्हणूनच आराखड्यातील स्वतंत्र धोका समजावा लागतो. २०१९ मधील वाहनविक्रीच्या मंदीत सुट्या भागांचे उत्पादन कमी झाल्याचा फटका या परिसरातील लघुउद्योगांना बसला.

पारितोषिकाचे स्वरूप

बहुतेक ठिकाणी रोख रक्कम, मार्गदर्शन किंवा उबवण केंद्रात जागा दिली जाते. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या 'महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहा'ची पद्धत वेगळी आहे: तेथे निवडक नवउद्योगांना शासकीय विभागांकडून कार्यादेश मिळतात. विजेत्याला ठरलेले काम वेळेत पूर्ण करावे लागते व त्याचे देयक सादर करून पैसे मिळवावे लागतात.