तुमच्या इमारतीखालचं शेत

तुमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ किंवा जिन्याखाली एक पाटी असेल. रोज तिच्यासमोरून दप्तर घेऊन धावता, पण वाचली आहे का कधी? वर इमारतीचं नाव, मग नोंदणी क्रमांक, आणि खाली बारीक अक्षरात 'सी.टी.एस. नं.' असं लिहून पुढे एक आकडा. त्याच्याही पुढे 'मौजे चकाला, तालुका अंधेरी' किंवा 'मौजे एक्सर, तालुका बोरिवली' असं काहीतरी असतं. पाटीवर नसेल, तर घरच्या कागदपत्रांत नक्की सापडेल.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, मौजे म्हणजे तिथे मजा असते का?" सगळा वर्ग हसला, पण प्रश्न काही वाईट नव्हता. मौजे म्हणजे गाव. सरकारी दप्तरात गावाच्या नावाआधी हा शब्द लावायची जुनी पद्धत आहे. म्हणजे तुम्ही सातव्या मजल्यावर राहत असलात, खालून मेट्रो जात असली, तरी कागदावर तुम्ही अजून गावातच राहता. मुलुंडच्या मुलांच्या कागदावर 'तालुका कुर्ला' दिसेल आणि घाटकोपरच्याही. मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला. त्याचे तालुके तीनच : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला.

आता ही गावं होती कशी, ते पाहू.

आपल्या या बेटाचं जुनं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी, असं सांगतात. पावसाळ्यात इथे सगळीकडे भात. खाडीच्या कडेला खारं पाणी अडवायला बांध घालत आणि त्याच्या आत खाजणात भात पिकवत. उन्हाळ्यात मिठागरांत पांढरेशुभ्र ढीग लागत. भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला त्या मिठागरांच्या खुणा अजून दिसतात. डोंगराकडे वारल्यांचे पाडे, समुद्राकडे कोळीवाडे, आणि मध्ये आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन, कुणबी अशा सगळ्यांची घरं. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. नाव इंग्रजी असलं तरी माणसं याच मातीतली.

घरं शेतात विखुरलेली नसत बरं का. ती एका जागी, दाटीवाटीनं, भिंतीला भिंत लावून. या जागेला म्हणायचं गावठाण. मरोळ, वेसावे, शिंपोली, दहिसर अशा ठिकाणी अचानक एखादी अरुंद गल्ली लागते, कौलारू घर दिसतं, ओटा दिसतो, कोपऱ्यावर क्रूस किंवा देऊळ दिसतं. रिक्षावाले काका म्हणतात, "आत गाडी जाणार नाही." ते गावठाण! गल्ली अरुंद आहे, कारण ती आखली तेव्हा तिच्यातून जायला होती माणसं, गुरं आणि फार तर एखादी बैलगाडी.

मग अशा गावात एखाद्या कुटुंबाची मालमत्ता म्हणजे काय काय? बँकेतले पैसे नव्हेत. गावठाणातलं घर, भाताचे एक-दोन तुकडे, बैलजोडी, नांगर, कणगीतलं भात, पुढच्या वर्षीचं बियाणं, परसातली शेवग्याची नि आंब्याची झाडं. काही गोष्टी मात्र कुणा एकाच्या नव्हत्या. गावाचं तळं, गुरं चारायची जागा, मसणवट, डोंगरावरचं सरपण. गरीब घराचं निम्मं पोट या सामायिक गोष्टींवर चाले. तळ्यातला मासा, बांधावरची भाजी, रानातलं लाकूड यांना पैसे पडत नसत. 'माझं' आणि 'आपलं' या दोन्हींवर मिळून घर चाले.

आता जमीन कुणाची, हे ठरवायचं कसं? इथे येतो सातबारा. मोठ्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल. गावाच्या जमिनीच्या हिशेबासाठी सरकारनं वेगवेगळे नमुने ठरवलेले आहेत. त्यांपैकी नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते, आणि नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकतं ते. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सात-बारा. कुणी वारलं, जमीन विकली, वाटणी झाली, की आधी नमुना सहामध्ये नोंद होते. तिला म्हणतात फेरफार. एखादं नाव सातबाऱ्यावर कधी आलं आणि कधी गेलं, हे फेरफारांच्या मागे मागे जात शोधता येतं. गुप्तहेरांच्या गोष्टी आवडत असतील तर हा कागद तुम्हांला नक्की आवडेल.

जमीन मोजायला तेहतीस फुटांची लोखंडी साखळी असे. तिचे सोळा भाग. प्रत्येक भाग एक आणा, कारण तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. करा बरं गुणाकार : ३३ गुणिले ३३. उत्तर १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. तुमचं घर साडेचारशे चौरस फुटांचं असेल, तर एका गुंठ्यात तशी दोन घरं बसून थोडी जागा उरेल. भातशेतीला मात्र एक गुंठा म्हणजे काहीच नाही.

जिथे सिटी सर्व्हे झाला, म्हणजे शहरासारखी मोजणी झाली, तिथे सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक आलं. पाटीवरचा तो सी.टी.एस. क्रमांक त्या मोजणीतला. पिकाचा रकाना त्यात नाही. पीकच राहिलं नाही, तर रकाना कशाला?

आता जरा अवघड भाग. आईबाबांना शेजारी बसवून वाचा.

जो नांगर धरतो त्याचीच जमीन, असं तुम्हांला वाटेल. तसं नव्हतं. इंग्रजांच्या कंपनी सरकारनं साष्टीतली कित्येक गावं अख्खीच्या अख्खी एकेका धनिकाला दिली. पडीक जमीन लागवडीला यावी आणि सारा नीट वसूल व्हावा, हा हेतू. उदाहरणार्थ, पवई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. त्यांनी तिथे ऊस, नीळ, तुती अशी पिकं घेऊन पाहिली. माणूस उद्योगी होता, यात शंका नाही. पण शेतात राबणारे हात वेगळे आणि कागदावरचं नाव वेगळं, हे तर झालंच. अशा गावमालकांना खोत म्हणत.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, साष्टीतल्या या खोतांची सवलत काढून घेणारा कायदा झाला. शिवाय राज्यात कुळकायदा होताच. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा. १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं तिची मालक होणार होती. गावोगावी आनंद झाला. पण जरा कॅलेंडर पाहा. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढून पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत गेली. अंधेरी, घाटकोपर ही गावं आधीच, १९५० साली, आत आली होती. आणि महानगरपालिकांच्या हद्दीतल्या जमिनी मालकीच्या त्या तरतुदीतून वगळलेल्या होत्या! ठाण्यापलीकडच्या खेड्यातल्या कुळाला जे मिळू शकत होतं, ते बोरिवलीच्या कुळाला तितक्या सरळपणे मिळेना. वर्षानुवर्षं कज्जे चालले. मला स्वतःला या दोन तारखा शेजारी-शेजारी पाहून फार वाईट वाटतं.

डोंगराकडच्या पाड्यांची कथा तर अजून संपलेली नाही. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. शहरातले म्हशींचे गोठे गोरेगावला हलवावेत म्हणजे मुंबई स्वच्छ राहील आणि मुलांना चांगलं दूध मिळेल, ही दारा खुरोडी यांची कल्पना. त्यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. योजना चांगलीच होती. पण त्यासाठी घेतलेल्या तीन हजारांहून अधिक एकर जमिनीत वारल्यांचे पाडे आधीपासून होते. केल्टीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, किती छान नावं आहेत पाहा. तिथली माणसं भात, नाचणी, भाज्या पिकवत, वाघदेवाला पुजत. बिबट्याच्या रानात राहायचं तर त्याच्याशी नातं ठेवायला नको का? १९७७ साली जवळच चित्रनगरी उभी राहिली, तिच्या हद्दीतही पाडे आले. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली तेव्हा तुमच्या घरी टीव्हीवर बातम्या लागल्या असतील. तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदाच कळलं, की इथे आदिवासी राहतात.

पाड्यावरच्या आजीला विचारलं, की तुमची जमीन कुठली, तर ती बोटानं दाखवू शकेल. या आंब्यापासून त्या ओढ्यापर्यंत. पण कागद मागितला, की अडतं. कागदावर नाव सरकारी खात्याचं. नाव नाही म्हणून पाणी, वीज, पक्कं घर, सगळ्याला आडकाठी. काही पाड्यांवर तर विसाव्या शतकात वीज पोचलीच नाही, आणि दूरवर गोरेगावचे दिवे लखलखत होते! २००६ साली वनहक्क कायदा झाला. वनजमीन पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांची नोंद व्हावी म्हणून. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणंही पुरावा म्हणून धरता येतं. पण हा कायदा वनजमिनीसाठी, आणि आरेची जमीन वन की दुग्धविकास खात्याची, यावरच कितीतरी वर्षं वाद. २०२० साली सरकारनं तिथली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याचं जाहीर केलं.

आता एक गंमत. जगाच्या नकाशात इंडोनेशिया काढा. त्यात सुमात्रा बेट, आणि त्याचं अगदी उत्तरेचं टोक म्हणजे आचे. तिथेही भातशेती, तिथेही नारळ-पोफळी, आणि गावाला म्हणतात 'गाम्पोंग'. आपल्या कोकणासारखंच. पण तिथे लग्न झालं की मुलगी सासरी जात नाही, नवरा तिच्याकडे येतो! आईवडील मुलीला घर देतात, आणि परंपरेनं ते घर तिचं. बायकोला तिथल्या भाषेत जे म्हणतात त्याचा अर्थच मुळी 'घराची मालकीण' असा होतो. पुरुष पूर्वी मिरीच्या मळ्यांत किंवा व्यापाराला दूर जात, आणि घर-शेत बायकांच्या भरवशावर चाले.

२६ डिसेंबर २००४ ला याच आचेवर त्सुनामी आली. लाखाहून अधिक माणसं गेली. घरं गेली, बांध गेले, खुणेची झाडं गेली, सरकारी कचेरीतले जमिनीचे कागद चिखलात गेले. काही जमीन तर कायमची समुद्राखाली गेली. मग कुणाचं शेत कुठलं, हे ठरवलं कसं? वाचलेले गावकरी एकत्र उभे राहिले. इथे तुझी हद्द, इथे माझी, असं शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं आणि त्यावरून नवे नकाशे झाले. मात्र नवे कागद करताना जमिनी पुरुषांच्या नावे लागतील आणि बायकांचं नाव राहून जाईल, अशी काळजी तिथे अनेकांना वाटली. म्हणून नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंद करायची सोय करावी लागली.

आपल्याकडे काय? हिंदू वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क होता, मुलीला नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ साली हे बदललं, देशानं २००५ साली. म्हणजे आपलं राज्य अकरा वर्षं आधी! गावठाणातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा वारसा कायदा लागू. त्यात मुलगा-मुलगी सारखेच. वारल्यांसारख्या अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, तिथे जमातीची रूढी पाहतात. कायदा असा आहे. पण गावठाणातलं जुनं घर पाडून इमारत व्हायची वेळ आली, की सासरी गेलेल्या आत्यांना बोलावणं येतं. जेवणखाण होतं, साडी होते, आणि मग एक कागद पुढे येतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. कित्येक आत्या भावाशी वाईटपणा नको म्हणून सही करून टाकतात. कुणी वाचून, कुणी न वाचता. सही करावी की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण वाचायला तर हवं ना?

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपनगरातल्या गावठाणांत ईस्ट इंडियन मंडळी आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. आपल्या नवान्नासारखंच. बऱ्याच गावठाणांच्या भोवती आता एक वाफाही उरलेला नाही, तरी लोंब्या येतात आणि सण होतो. गोराई-मनोरीकडे गेलात तर पावसाळ्यात खरोखरचं हिरवं शेत अजून दिसेल. बोरिवलीहून होडीनं पलीकडे उतरलं की झालं.

या सुट्टीत एक काम करा. पाटीवरचा सी.टी.एस. क्रमांक आणि मौजे वहीत उतरवून घ्या. त्या जागी पूर्वी काय होतं, हे गावठाणातल्या किंवा वाडीतल्या एखाद्या जुन्या आजी-आजोबांना विचारा. शेत, मिठागर, आंब्याची वाडी, तळं? आणि घरी आईबाबांकडून सोसायटीचं भाग प्रमाणपत्र मागून बघा. हात धुऊन घ्या, ते जपून ठेवायचं असतं. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, आणि कुठल्या क्रमानं, तेही वहीत लिहा.