पाचटाला काडी लावण्यापूर्वी वाळवी समजून घ्या



खोडव्याचे पाचट जाळू नका, असे आम्ही प्रत्येक हंगामात गटागटांतून सांगत असतो. त्यावर एक उत्तर हमखास मिळते, "पाचट ठेवलं की वाळवी लागते, साहेब." ही भीती अगदीच खोटी नाही. हलक्या, माळाच्या जमिनीत वाळवीने लागणीत नांग्या पडलेल्या आम्हीही पाहतो. पण वाळवी कशी जगते हे नीट कळले, तर हेक्टरी ८ ते १० टन पाचटाची राख करण्याची गरज राहत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मुंगी नव्हे, झुरळाची भाऊबंद

वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नाही. शास्त्राप्रमाणे तिचे नाते झुरळाशी आहे. मुंगी तर तिची वैरीण, सापडली की वाळवी उचलून नेते. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत व भारतात ३०० च्या आसपास. त्यांतल्या पिकाला त्रास देणाऱ्या थोड्याच. आपल्या उसात मुख्यतः दोन. ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वारूळ बांधणारी, आणि मायक्रोटर्मिस ओबेसी ही वारूळ न बांधता जमिनीखाली विखुरलेल्या लहान लहान कप्प्यांत राहणारी. म्हणजे बांधावर वारूळ दिसत नाही म्हणून रानात वाळवी नाही, असे समजू नये.

वारूळ बांधते वाळवी, आणि नागपंचमीला पुजला जातो नाग. 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात ते काही उगाच नाही.

घरात राजा, राणी, सैनिक आणि कामकरी असा कारभार असतो. राणीचे पोट फुगून ती जागची हलत नाही, दिवसाला हजारो अंडी घालते. रानात जी वाळवी दिसते ती कामकरी. तिला डोळे नसतात आणि अंगाची कातडी इतकी मऊ, की ऊन व कोरडी हवा लागली की ती सुकून मरते. म्हणूनच ती मातीचे बोगदे करून चालते आणि खायच्या वस्तूवर आधी मातीचा लेप चढवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे पंखाचे किडे ही हीच वाळवी. पंख गाळून त्यांच्या जोड्या जमिनीत शिरतात आणि नवे घर मांडतात. हजारातल्या थोड्याच जगतात, बाकीच्या पाखरांच्या व बेडकांच्या पोटात जातात.

तीही शेतकरीच

आपल्या या दोन्ही जाती बुरशीची शेती करतात. काडीकचरा खाऊन त्या विष्ठेचे स्पंजासारखे थर रचतात. त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. लाकडातला कठीण भाग ही बुरशी कुजवते आणि वाळवी तो तयार माल खाते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे. पावसात वारुळावर उगवणारी, कोकण-गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही याच बुरशीची.

यातून ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. वाळवीचे मुख्य खाणे वाळलेले, मेलेले, अर्धे कुजलेले. हिरव्यागार, ओलाव्यातल्या पिकाकडे ती सहसा मागाहून वळते.

वाळवी फुकट राबते, तेही पाहा. तिच्या बोगद्यांमुळे जमिनीत हवा खेळते, पाणी मुरते, खालची माती वर येते. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात १९८० च्या दुष्काळी दशकात याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने दगडासारख्या झालेल्या रानात उन्हाळ्यातच खड्डे घेऊन शेणखत व काडीकचरा भरला. तो खायला वाळवी आली, तिने जमीन पोखरली, आणि पुढे पडलेला पाऊस वाहून न जाता मुरला. पेरणीपर्यंत खतही मातीत मिसळले होते. २०१८ साली सावादोगो यांना राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला.

उसात नुकसान कसे ओळखावे

लागणीनंतर वाळवी टिपरीच्या कापलेल्या तोंडातून आत शिरते, गाभा खाते व जागा मातीने भरते. डोळे फुटत नाहीत. उगवलेल्या कोंबाची बाहेरची पाने आधी वाळतात, मग सगळा कोंब. उपटला की सहज येतो, बुडाशी माती भरलेली दिसते. खोडकिड्यात मधला पोंगा वाळतो, ओढला की निघतो आणि त्याला घाण वास येतो. हुमणीत मुळे कुरतडल्याने सबंध बेटच वाळून कोलमडते. तिघांचे औषध एक नाही, म्हणून उपटून पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

उपाय

१) कच्चे शेणखत सरीत घालू नका. ते वाळवीला आमंत्रणच. पूर्ण कुजलेलेच वापरा.

२) बेणे ताजे, रसरशीत घ्या व बेणेप्रक्रिया करून लावा. लागण करून रान कोरडे ठेवू नका. सुरू उसाला मार्च ते मे या काळात पाण्याची पाळी लांबली, की वाळवीचे फावते.

३) पाचट जाळू नका, पण कोरडेही ठेवू नका. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या. कुजत्या, ओल्या पाचटात वाळवीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

४) रानातले वारूळ नुसते वरून फोडू नका, चार दिवसांत ते पुन्हा बांधले जाते. खणून राणीचा कप्पा काढला तरच उपयोग. पडीक माळावरचे वारूळ राहू द्या.

५) जुन्या मंडळींना बीएचसी पावडर व अल्ड्रिन आठवत असेल. ही औषधे वर्षानुवर्षे मातीत टिकून दुधापर्यंत पोचत. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद आहे, अल्ड्रिनही बंद. कोणी जुना डबा देऊ केला तर घेऊ नका. आजचे औषधसुद्धा लेबलावर ऊस आणि वाळवी असे दोन्ही लिहिले असेल तरच, दिलेल्या प्रमाणात आणि लागलेल्या जागीच वापरावे.

६) नांग्या पहिल्या महिन्यातच रोपांनी भरून घ्या. मागाहून लावलेले रोप सावलीत दबते.

शेतात कोंब वाळताना दिसले तर दोन-तीन उपटून, बुडाच्या मातीसकट गट ऑफिसला आणावेत. आमचे शेतकी कर्मचारी पाहून कीड कोणती ते सांगतील. आणि काडीपेटी तेवढी घरीच ठेवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी