नांगर जड असला म्हणजे बोट सुरक्षित? शिडाच्या छोट्या बोटीसाठी अँकर कसा निवडतात?

डिसेंबर 1982. मेक्सिकोतल्या काबो सान लुकासच्या उपसागरात शिडाच्या अनेक बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. एरवी इथे वारा जमिनीकडून येतो, त्यामुळे जागा सुरक्षित वाटायची. पण एका रात्री वारा फिरला. समुद्राकडून वादळ आलं आणि दोन डझनांहून जास्त बोटी किनाऱ्यावर आदळल्या.

त्यात फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मॉयतेसिए यांची 'जोशुआ' ही पोलादी बोटही होती. याच बोटीतून त्यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेहून जास्त अंतर कापलं होतं. भर समुद्रात तगलेली बोट नांगरलेल्या जागी मात्र टिकली नाही. पुढे तिची दुरुस्ती झाली, पण त्या रात्रीने एक गोष्ट दाखवून दिली. रात्री बोटीवरचे लोक निर्धास्त झोपतात ते नांगराच्या भरवशावर, आणि हा भरवसा फक्त लोखंडाच्या वजनावर ठेवता येत नाही.

नांगर बोट धरतो कसा?

मराठीत शेतातल्या आणि बोटीच्या, दोन्ही अवजारांना 'नांगर' म्हणतात. गंमत म्हणजे दोघांचं काम बरंचसं सारखं आहे. बोटीच्या नांगरालाही फाळ असतो. बोट मागे ओढली जाते तसा तो तळात शिरतो आणि त्याच्यापुढची माती किंवा वाळू त्याला अडवून धरते.

15 किलोचा लोखंडी नांगर पाण्यात जेमतेम 13 किलो भरतो. एवढ्या वजनाने काही टनांची बोट थांबणार नाही. पण तोच नांगर चांगल्या वाळूत रुतला, तर आपल्या वजनाच्या कित्येक पट ओढ सहन करतो. वजन लागतं, पण ते मुख्यतः फाळ तळात शिरावा म्हणून.

कोणते प्रकार मिळतात?

*सीक्यूआर:* ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1933 मध्ये तो तयार केला. तो आधी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी होता. विमानात जड नांगर नेणं परवडत नाही, म्हणून शेतीच्या नांगरासारखा आकार आला. ही तीन अक्षरं भराभर म्हटली की इंग्रजी 'सिक्युअर'सारखी ऐकू येतात. कठीण तळात मात्र तो कधीकधी आडवा पडून घसरत राहतो.

*डॅनफोर्थ:* दोन सपाट फाळांचा, घडी होणारा नांगर. वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानाने उत्तम धरतो. वारा उलटला आणि नांगर उपटला गेला, तर पुन्हा रुतेलच याची खात्री नसते.

*ब्रूस:* पंजासारखा दिसतो. मूळ कल्पना समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मसाठीची. पटकन रुततो, पण त्याच वजनाच्या नव्या नांगरांपेक्षा पकड कमी.

*नव्या पिढीचे नांगर:* स्पेड, रोक्ना, मॅन्सन सुप्रीम वगैरे. फाळ टोकदार आणि खोलगट असतो. काहींच्या टोकात जादा वजन असतं, तर काहींवर नांगराला सरळ करणारी लोखंडी कमान. वारा फिरल्यावर पुन्हा लवकर रुततात, म्हणून आज भटकंतीच्या बोटींवर मुख्य नांगर म्हणून यांना पसंती मिळते.

आधी तळ बघा, मग दुकान

वाळूत बहुतेक नांगर चालतात. मऊ गाळात मोठ्या फाळांचा हवा. कोकणातल्या खाड्यांमध्ये जागोजागी असा गाळ आहे. अशा ठिकाणी फोर्ट्रेससारखा ॲल्युमिनियमचा हलका नांगर उपयोगी पडतो. त्याच्या फाळांचा कोन चिखलासाठी 32 अंशांवरून 45 अंशांवर नेता येतो. दाट समुद्रगवतात सपाट फाळ वरच्यावर घसरू शकतात. खडकात तर नांगर रुतत नाही, नुसता अडकतो, आणि काढताना डोक्याला ताप होतो.

म्हणूनच अनुभवी लोक दोन वेगवेगळ्या प्रकारचे नांगर ठेवतात. साधारण 30 फुटी बोटीला मुख्य नांगर 10 ते 15 किलोचा लागतो. उत्पादकाच्या तक्त्यात बोट दोन मापांच्या मध्ये येत असेल, तर मोठं माप घ्यावं. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो.

साखळी किती सोडायची?

उत्तम नांगरही तोकड्या साखळीने उपटतो. ओढ जितकी आडवी, तितका फाळ खोल जातो. ओढ वर उचलली गेली की तो सुटतो. म्हणून एकूण उंचीच्या किमान 5 पट साखळी सोडतात, आणि जोराच्या वाऱ्यात किंवा साखळीला दोर जोडलेला असेल तर 7 पट किंवा जास्त.

इथे अनेकजण भरती विसरतात. समजा, मुंबईजवळ ओहोटीला 4 मीटर पाण्यात नांगर टाकला. उधाणाच्या दिवशी पाणी आणखी 4 मीटर चढू शकतं. बोटीच्या नाळेची उंची 1 मीटर धरली, तर एकूण 9 मीटर. म्हणजे 45 मीटर साखळी हवी. फक्त 4 मीटरचा हिशेब करून 20 मीटर सोडली, तर भरतीच्या वेळी प्रमाण सव्वादोन पटीवर येतं. दुपारी घट्ट वाटलेली बोट मध्यरात्री सरकू लागते.

नांगर टाकल्यावर काय तपासायचं?

- इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये टाकून नांगर रुतवावा.
- किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात. त्या एकमेकींपासून सरकल्या, तर बोट घसरतेय.
- झोपताना मोबाइलवर जीपीएस अलार्म लावावा.
- वारा उलट फिरला तर मागे किती जागा आहे, हे उजेडातच बघून ठेवावं.

शेवटचा मुद्दा काबोतल्या बोटींना भोवला. वारा उघड्या समुद्राकडून येणार असा अंदाज असेल, तर वेळेत नांगर उचलून निघून जाणं, हा बहुतेकदा कोणत्याही महागड्या नांगरापेक्षा चांगला उपाय असतो.