दहा वर्षांचे मूल पहिलीत बसवावे काय?

भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्या पुष्कळ. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर या भागांतून घरेच्या घरे भट्टीवर येतात. पावसाच्या आत माघारी जातात. बरोबर पोरेही असतात. गावची शाळा जूनमध्ये भरते. पोर चार महिने अक्षरे गिरवते, तोच बिऱ्हाड उठते. पुढच्या साली पुन्हा तेच. असे करता करता मूल दहा वर्षांचे होते आणि त्याला आपले नावही धड लिहिता येत नाही.

आता याला कुठल्या वर्गात घालावे? बाप म्हणतो, "पहिलीत बसवला तर बारकी पोरं हसतील. पाचवीत बसवला तर फळ्यावरचं काही कळायचं नाही." बापाचे दोन्ही म्हणणे खरे आहे.

यावर कायद्याने वाट काढली आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा चुकलेल्या मुलाचे नाव त्याच्या वयाच्या वर्गात घालायचे, असे तो सांगतो. दहा वर्षांच्या मुलाचे नाव पाचवीत. मागचे राहिलेले त्याला वेगळे बसवून शिकवायचे. याला 'विशेष प्रशिक्षण' म्हणतात. ते कमीत कमी ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षे चालते. मध्येच चौदा वर्षे पुरी झाली, तरी आठवी होईपर्यंत शिक्षण फुकट.

चार वर्षांचा अभ्यास इतक्या लवकर कसा होईल, असे तुम्ही विचाराल. पाहा, दहा वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलासारखे नसते. भट्टीवर हजार विटांमागे मजुरी ठरते, हे त्याने रोज ऐकलेले असते. दुकानातून मीठमिरची आणून उरलेले पैसे ते मोजून घेते. शंभर म्हणजे किती, हे त्याला ठाऊक असते. ते लिहायचे कसे, एवढेच शिकायचे राहते. म्हणून हिशेब लवकर येतो. वाचन मात्र तसे येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो. शिवाय कातकरी, वारली घरांतली बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. तेव्हा वाचनासाठी गुरुजींना घाई करू नका.

आपल्या मुलाला किती दिवस लागतील, याचा अंदाज तुम्हीही घेऊ शकता. तुम्हाला आता वाचता येते. हेच पुस्तक त्याच्या पुढे ठेवा आणि चार ओळी वाचायला सांगा. हातच्याची एक वजाबाकी घाला. अडखळत का होईना पण वाचत असेल, तर काही महिने पुरतात. अक्षरच ओळखत नसेल, तर दोन वर्षांची तयारी ठेवा. पण मूल पुस्तक अगदी नाकाशी धरते काय, हाक मारली तरी वळत नाही काय, हे आधी पाहा. तसे असेल तर प्रथम दवाखाना गाठा. डोळ्याकानाचे दुखणे जादा अभ्यासाने बरे होत नाही.

खरी अडचण हजेरीची आहे. तीन महिने म्हणजे रोजचे तीन महिने. मध्येच भट्टी आली की सगळे पाण्यात. घरी आजी-आजोबा असतील तर मुलाला गावीच ठेवावे, असे आमचे मत आहे. काही ठिकाणी अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, त्यांची चौकशी करा. न्यावेच लागले, तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या आणि भट्टीजवळच्या शाळेत नाव घाला. जन्माचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही, म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.

भिवंडी शहरात दुसरीच गोष्ट ऐकू येते. मुलगा सहावीत नीट शिकत असतो. कोणी तरी सांगतो, "रोज शाळा कशाला? मुक्त विद्यालयाची परीक्षा द्या. पोरगा कारखान्यात कांडी भरील आणि पासही होईल." हा सल्ला ऐकू नका. मुक्त विद्यालय वाईट नव्हे. पाचवीत शाळा सुटलेली, आता घरकाम सांभाळणारी सोळा वर्षांची मुलगी असेल, तर तिला ते फार सोयीचे. पण ज्याची शाळा चालू आहे, त्याला जवळच्या वाटेचे काय काम? आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कारखान्यात कामावर ठेवणे हा गुन्हा आहे.

"आता नको, जूनमध्ये या," असे शाळेत कोणी म्हणाले, तर मुकाट्याने परत फिरू नका. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात चारांपैकी तीन सभासद पालक असतात. त्यांना भेटा. तेथेही जमले नाही, तर तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी असतात आणि शहरात महानगरपालिकेचा शिक्षण विभाग असतो. अर्ज स्वतःच्या हाताने लिहा. मुलाचे नाव, वय आणि 'विशेष प्रशिक्षण मिळावे' हे शब्द त्यात घाला. खाली सही करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.