गृहस्वयंचलन

गृहस्वयंचलन : घरातील दिवे, पंखे, पाणी तापविण्याची साधने, पंप इ. उपकरणे माणसाने प्रत्येक वेळी कळ न दाबता, परिस्थितीनुसार आपोआप चालू वा बंद होतील अशा व्यवस्थेस गृहस्वयंचलन म्हणतात. या व्यवस्थेचे तीन मुख्य घटक असतात : तापमान, प्रकाश, पाण्याची पातळी यांसारख्या गोष्टी ओळखणारा संवेदक, त्यावरून निर्णय करणारा नियंत्रक आणि तो निर्णय अंमलात आणणारे अभिचालित्र, झडप वा चलित्र. झालेल्या क्रियेचा परिणाम संवेदकामार्फत पुन्हा नियंत्रकाकडे पोहोचतो व त्यावरून पुढील क्रिया ठरते.

विकास : अमेरिकेत वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विद्युत् तापनियंत्रकाचे पेटंट घेतले. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेल्या ‘एक्स-१०’ पद्धतीत घरातील विजेच्या तारांमधूनच संकेत पाठविले जात. एकविसाव्या शतकात बिनतारी पद्धती रूढ झाल्या. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र चालावीत यासाठी ‘मॅटर’ हे सामाईक मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाणीपुरवठ्यातील उपयोग : गृहस्वयंचलनाचे गुणदोष इमारतीच्या पाणीपुरवठ्यात स्पष्ट दिसतात. मुंबईच्या मुलुंड उपनगरातील बहुमजली इमारतींत महानगरपालिकेचे पाणी ठराविक वेळी जमिनीखालील टाकीत येते व तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. पंप चालविण्याचे काम पहारेकऱ्याकडे असल्यास त्याच्या विस्मरणाने कधी वरची टाकी ओसंडते, तर कधी ती रिकामी राहून सकाळी ऐन वेळी नळ कोरडे पडतात. हे काम फ्लोट स्विच व अभिचालित्र यांवर सोपविता येते. वरची टाकी ठराविक खालच्या पातळीला आली की पंप सुरू होतो व ती भरली की बंद होतो. या दोन पातळ्यांत पुरेसे अंतर ठेवणे महत्त्वाचे असते. अंतर अत्यल्प असल्यास पंप पुनःपुन्हा सुरू होतो. सुरू होताना चलित्र नेहमीच्या सु. पाच ते सातपट विद्युत् प्रवाह घेत असल्याने त्याची गुंडाळी तापते व संपर्क-अग्रे झिजतात. खालच्या टाकीतही दुसरा फ्लोट आवश्यक असतो; अन्यथा ती रिकामी असताना पंप कोरडा फिरून निकामी होतो.

कार्यक्षमता : वीस हजार लिटर पाणी ३० मी. उंच चढविण्यास सिद्धांततः सु. १·६ एकक (किलोवॉट-तास) वीज लागते. पंप व चलित्र यांची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास ती सु. ३·३ एकक होते. यातील दशांश पाणी ओसंडल्यास विजेचे नुकसान सु. एक-तृतीयांश एककच, परंतु पाण्याचे २,००० लिटर होते. उलट, स्वयंचलनाची उपकरणे स्वतःही सतत वीज घेतात. प्रत्येकी एक वॉट घेणारी दहा उपकरणे वर्षभरात सु. ८८ एकक खर्च करतात. त्यामुळे जेथे होणारी बचत या खर्चाहून अधिक आहे, तेथेच स्वयंचलन किफायतशीर ठरते.

विश्वसनीयता : एकामागोमाग जोडलेल्या घटकांपैकी एक बिघडला तरी संपूर्ण साखळी थांबते. प्रत्येकी ९९ टक्के विश्वसनीय असे दहा घटक साखळीत असल्यास संपूर्ण व्यवस्थेची विश्वसनीयता सु. ९० टक्केच राहते. म्हणून घटक कमी ठेवणे हा पहिला उपाय होय. दुसरा उपाय पर्यायी घटक बसविण्याचा. प्रत्येकी ९५ टक्के विश्वसनीय असे दोन पंप असल्यास, त्यांचे बिघाड परस्परांवर अवलंबून नसतील तर, निदान एक तरी चालण्याची शक्यता ९९·७५ टक्के होते. मात्र दोन्ही पंप एकाच नियंत्रकावर असल्यास त्याच्या बिघाडाने दोन्ही थांबतात.

वीजपुरवठा खंडित झाल्यावर व्यवस्थेने काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागातील वीज गेली होती. अशा प्रसंगानंतर वीज परत येताच सर्व उपकरणे एकदम सुरू न होता थोड्या थोड्या अंतराने सुरू व्हावीत आणि नियंत्रकाने टाकीची पातळी नव्याने तपासावी, अशी योजना इष्ट असते. तीनकला चलित्राची एक कला बंद पडल्यास ते जळू शकते. यासाठी कलारक्षक बसवितात.

दूरच्या संगणकावर अवलंबून असणारी व्यवस्था इंटरनेट बंद पडताच निरुपयोगी ठरू शकते. अमेरिकेतील ‘रिव्हॉल्व्ह’ या गृहनियंत्रकाची सेवा २०१६ मध्ये बंद करण्यात आल्यावर ग्राहकांच्या घरातील सुस्थितीतील उपकरणे निकामी झाली. यास्तव पाणी, वीज व दरवाजे यांसंबंधीचे निर्णय घरातील नियंत्रकानेच घ्यावेत व दूरच्या जोडणीचा उपयोग केवळ सूचना मिळविण्यासाठी करावा, हे श्रेयस्कर. त्याचप्रमाणे प्रत्येक स्वयंचलित मंडलाला हाताने चालविण्याची कळ असावी आणि ती कशी वापरावी हे पहारेकरी व रहिवासी यांना ठाऊक असावे. फ्लोटवर साचलेला गाळ व गंजलेले संपर्क यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी केल्यास अनेक बिघाड टळतात.